गाणारीचं नाव लिहा: देवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या मराठी, संस्कृत, इतिहास, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास या विषयांच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा एम.ए.चा लघुप्रबंध दुरुस्त्यांसाठी परत आला. विषय होता तुळजाभवानीच्या आराधी बायकांची, म्हणजे परडी घेऊन देवीची गाणी गात फिरणाऱ्या भक्त बायकांची, गाणी आणि ओव्या. परीक्षकांनी पहिल्याच पानावर शेरा मारला होता : मूळ ग्रंथांचा आधार द्यावा, ओव्या परिशिष्टात घ्याव्यात. खाली आणखी एक सूचना होती. माहितीदारांची नावं काढून त्यांना क्रमांक द्यावेत. मुलीला पदवी हवी होती, तिनं सांगितलं तसं केलं. तिची स्वतःची आजी, जिच्याकडून सत्तराहून जास्त ओव्या मिळाल्या होत्या, ती अंतिम प्रतीत 'माहितीदार क्र. ४, स्त्री, वय अंदाजे ७५, निरक्षर' एवढीच उरली. शंभर वर्षांपूर्वीच्या एका छापील पोथीच्या प्रकाशकाचं नाव मात्र पत्त्यासकट आत गेलं.

हे पत्र त्या परीक्षकांविरुद्ध नाही. त्यांनी तेच केलं जे आपण सगळ्यांनी त्यांना शिकवलं. मीही कितीतरी वर्षं असेच शेरे मारत आले. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण काय पुरावा आणि काय परिशिष्ट हे अभ्यास मंडळाच्या टेबलावर ठरतं.

त्या आजींच्या घरी मी विद्यार्थिनीबरोबर दोनदा जाऊन आले. भिंतीच्या खुंटीला कवड्यांची माळ, तिच्याखाली कोनाड्यात परडी, म्हणजे देवीच्या नावाची टोपली. परडीत हळदकुंकू, थोडं पीठ, पोत पेटवायची चिंधी. मी त्यांना विचारलं, देवी वर्षातून तीन वेळा का झोपते? तुळजापूरची मूर्ती चल आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. दसऱ्यानंतरच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. आजींनी हातातली परडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नऊ दिस लढायचंय म्हनून आदी निजती. लढून आली की अंग मोडून आल्यालं असतंय, म्हनून परत निजती. बाईला कामाच्या आदी बी झोप लागती आन् नंतर बी. देवीचं देवीला कळतं, आमचं कुनाला कळतंय?"

आता हे 'देवीमाहात्म्या'च्या शेजारी ठेवून पाहा. मार्कंडेय पुराणातल्या या १३ अध्यायांची, म्हणजेच सप्तशतीची, सुरुवातच झोपेनं होते. विष्णू निजलेला आहे, मधु-कैटभ ब्रह्मदेवावर चालून आले आहेत, आणि ब्रह्मदेव स्तुती करतो ती विष्णूची नव्हे, त्याच्या डोळ्यांवर बसलेल्या योगनिद्रेची. ती देवी बाजूला होईल तेव्हा विष्णू जागा होईल. म्हणजे ग्रंथातली देवी दुसऱ्याला झोपवणारी शक्ती आहे, आणि तुळजापूरची देवी स्वतः थकून झोपणारी बाई आहे. हे अंतर कसं पडलं? पुजाऱ्यांच्या उपचारांमधून, राजवाड्याच्या रीतीतून, की परडी घेऊन फिरणाऱ्या बायकांच्या कल्पनेतून? माझ्या मते यातून एक उत्तम पीएच.डी. निघेल. पण आपल्या रचनेत ती निघूच शकत नाही. 'देवीमाहात्म्य' संस्कृत विभागाकडे आहे, मूर्ती इतिहास आणि पुरातत्त्वाकडे, ओवी मराठीच्या 'लोकसाहित्य' या ऐच्छिक पेपरकडे, आणि ती गाणारी बाई, झालीच तर, समाजशास्त्राच्या सर्वेक्षणात. देवीचे इतके वाटे करून प्रत्येक विभाग आपला वाटा घेऊन बसला आहे.

आपल्याकडे काम झालं नाही असं मुळीच नाही. उलट महाराष्ट्रात देवीवर जे संशोधन झालं ते कुणालाही अभिमान वाटावा असं आहे. दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या माळरानांवरून पायी हिंडले. गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यांजवळ, म्हणजे देवी म्हणून पूजलेल्या अनघड दगडांजवळ, त्यांना अश्मयुगीन बारीक हत्यारं सापडली, आणि जुन्या वाटा व आईंची ठाणी यांचा संबंध त्यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात मांडला. त्यांनी वाडेबोल्हाईच्या बोल्हाईकडे, कार्ल्याच्या लेण्यांच्या तोंडाशी बसलेल्या एकवीरेकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहिलं. रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' १९७८ साली आलं. मस्तकाच्या जागी कमळ असलेली, पाय फाकवून बसलेली ती मूर्ती संग्रहालयांच्या मागच्या खोल्यांत पडून होती. तिला 'निर्लज्ज' म्हणणारी दृष्टी बाजूला सारून ढेऱ्यांनी तिचं नातं भूमीशी, वारुळाशी, रेणुका-यल्लम्माशी आणि कोकण-गोव्यातल्या सांतेरीशी जोडून दाखवलं. घोड नदीच्या काठच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीसोबत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला, तीन हजार वर्षांहून जुना. माहूरला रेणुकेचं नुसतं मुख पूजलं जातं, ढेऱ्यांच्या लज्जागौरीला मुखच नाही. रेणुकेची कथा आठवा : नवऱ्याच्या आज्ञेवरून मुलानं आईचं डोकं उडवलं. डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे अशा देवी आपल्या भूगोलात का विखुरल्या आहेत, हा प्रश्न ढेऱ्यांमुळे विचारता आला.

आज हा विषय घेऊन एखादी मुलगी आली तर किती मार्गदर्शक 'हो' म्हणतील? मी दोघींना नकार मिळालेला पाहिला आहे. एकीला सांगितलं गेलं, "विषय नाजूक आहे, वाद होतील." पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी एका अभ्यासकानं एकट्यानं जे छापलं, ते आज विद्यापीठाचा शिक्का पाठीशी असताना आम्हाला पेलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बायकांनी केलेलं काम वेगळ्या वाटेनं गेलं आणि माझ्या मते ते जास्त खोल गेलं. सरोजिनी बाबरांनी राज्य लोकसाहित्य समितीतून गावोगावची गाणी गोळा करवली. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याला शिस्त दिली. इरावतीबाई कर्वे मानवशास्त्रज्ञ म्हणून पंढरीच्या वाटेवर चालल्या आणि वारीत एकत्र चालणाऱ्या बायका जेवताना जातीच्या पंगतींत कशा वेगळ्या बसतात हे लिहायला कचरल्या नाहीत. ताराबाई भवाळकरांनी ओव्यांमधली सीता दाखवली, जी रामाला जाब विचारते. त्या २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी होत्या. मराठी साहित्यानं त्यांना सर्वोच्च व्यासपीठ दिलं. आपल्या किती एम.ए. अभ्यासक्रमांत त्यांचं एक तरी पुस्तक सक्तीचं आहे, हे आपण आपापली पानं उघडून पाहावं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्याबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि गावातल्या बायकांनीच मिळून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखाच्या घरात गेली. पुढे हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला. तिथली एक गोष्ट मला आपल्या सगळ्या प्रबंधांपेक्षा मोठी वाटते. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. ही शिस्त विद्यापीठाबाहेरच्या लोकांनी पाळली. विद्यापीठात आपण त्याच बाईला क्रमांक देतो. ज्या ठिकाणी नाव उघड झाल्यानं बाईला त्रास होईल तिथे नाव झाकावंच, आणि ते तिला विचारून. पण ज्या बाईला आपलं नाव लागावंसं वाटतं तिचं नाव 'पद्धत' म्हणून पुसणं ही चोरी आहे. शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफायची रीत मराठीत जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी पाळली. 'म्हणे नामयाची जनी' म्हणून ती सही करते. सोवळं, ओवळं सगळ्याच्या मधोमध उभी राहून सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न करते आणि शेवटी 'चोख्याची महारी' म्हणून आपली ओळख सांगते. त्या बायकांना आपलं नाव कवितेला लागलेलं हवं होतं.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त काळजीचा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय पदवीला आला. विषय चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्यात देवी ज्या प्रकारे शिकवली जाते ती मला मान्य नाही. एक श्लोक फळ्यावर लिहितात, 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते', आणि आपल्याकडे स्त्रीला देवी मानतात असं सांगून तास संपतो. हा श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला ५६ वा. त्याच्या आगेमागे वाचलं की कळतं, बोलणं बाप, भाऊ, नवरा आणि दीर यांच्याशी चाललं आहे. ज्यांना आपलं कल्याण हवं त्यांनी सणासुदीला घरच्या बायकांना दागिने, वस्त्रं आणि अन्न देऊन संतुष्ट ठेवावं, असं ५९ व्या श्लोकात स्पष्ट आहे. तिथे 'पूजा' म्हणजे हे. आणि त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात तिसरा श्लोक स्त्रीला स्वातंत्र्य नाकारतो. विद्यार्थ्यांना दोन्ही श्लोक एका पानावर द्या. मग त्यांना ठरवू द्या. संपूर्ण संदर्भ देणं यालाच तर आपण ज्ञान म्हणतो.

याच्या उलट टोकाला स्त्री-अभ्यास केंद्रांनीही एक चूक केली, आणि त्या चळवळीतली म्हणून मी ती बोलून दाखवते. १९७४ साली एस.एन.डी.टी. विद्यापीठात देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र उभं राहिलं. त्या पिढीनं मजुरी, कायदा, हिंसा, जमीन यांवर जे काम केलं त्याला तोड नाही. पण धर्म म्हटला की आम्ही अंग चोरलं. धर्म म्हणजे पितृसत्ता, एवढं म्हणून पुढे गेलो. परिणाम असा झाला की नवरात्रात अनवाणी तुळजापूरला चालत जाणारी बाई आमच्या अभ्यासातून गळाली. तिच्याबद्दल बोलायला मग दुसरेच लोक उरले. विद्युत भागवतांनी संत स्त्रियांना स्त्रीप्रश्नाच्या इतिहासात आणून बसवलं, ते अपवादानं. १९९८ साली राजेश्वरी सुंदर राजन यांनी इंग्रजीत थेट विचारलं की हिंदू देवी स्त्रीवादी आहे का? दोनच वर्षांनी त्याच प्रश्नावर परदेशी अभ्यासकांचा एक संपादित ग्रंथ निघाला. मराठीत हा प्रश्न घेऊन एक चर्चासत्र भरवायला आम्हाला जमलेलं नाही, आणि देवी तर आमच्या उंबऱ्यावर उभी आहे.

माझं स्वतःचं उत्तर सांगते. देवी बलवान असणं आणि बाई बलवान असणं यांत आपोआपचा संबंध नाही. असता तर २०१६ साली स्त्रियांना देवळात जाण्याचा हक्क आहे हे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं नसतं, तेही १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा राज्यात आधीपासून असताना. पण संबंध अजिबात नाही असंही नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विद्वान बाईसाठी त्यांना 'पंडिता'बरोबर देवीचंही नाव लागलं. ते नाव त्यांनी दिलं खरं, पण पुढे रमाबाईंनी त्यांच्याच शास्त्रांना प्रश्न केले तेव्हा पंडितांना ती सरस्वती पेलली नाही. देवीचं नाव बाईला कधी वर उचलतं आणि कधी तिचं तोंड बंद करतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं.

भाद्रपदातल्या गौरींचंच पाहा. पुराणांतली ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी, लक्ष्मीची थोरली बहीण, समुद्रमंथनातून तिच्याआधी वर आलेली. जिथे भांडण तिथे तिचा वास, म्हणून तिला घराबाहेर ठेवायचं. आणि आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात त्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर दोघींना हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत आणतात, सगळ्या खोल्या, धान्याची कणगी दाखवतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा होते, मूळ नक्षत्रावर निरोप. नाव नक्षत्रावरून आलं की त्या थोरल्या बहिणीवरून, यावर वाद घालता येतो आणि घालावाही. पण थोरलीला उंबऱ्याबाहेर न ठेवता धाकटीच्या बरोबरीनं माहेरवाशीण म्हणून आत घेणं ही कुणाची बुद्धी? कोणत्या पंडिताची? मला हा बायकांनी पुराणावर दिलेला शेरा वाटतो. आणि लगेच दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्या दारातून ज्येष्ठेला मानानं आत आणतात, त्याच दारात घरच्या विधवा सुनेला त्या दिवशी पुढे येऊ देत नाहीत. गौरी आणायची ती सवाष्णीनं. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य शासनानं त्याचं अनुकरण करायला इतर ग्रामपंचायतींना सांगितलं. देवीच्या अभ्यासात हा ठराव यायला हवा. तो समाजशास्त्राचा वेगळा विषय म्हणून बाजूला काढता येणार नाही.

जोगतिणींबाबत तर आपण दुप्पट अन्याय करतो. एक तर त्यांना 'प्रथेच्या बळी' म्हणून मोजतो, नाहीतर त्यांच्या गाण्यांचं महोत्सवात कौतुक करतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या बाईनं मार्गशीर्षात रांडाव पुनवेला बांगड्या फोडायच्या, कारण देवी विधवा झाली. अहेव पुनवेला परत भरायच्या. देवीचं वैधव्य आपल्या हातावर भोगणारी बाई धर्म म्हणजे काय हे जाणते, ते तिच्याकडून ऐकायला हवं. पण ज्यांनी हे सोडलं त्यांच्याकडूनही तितकंच ऐकायला हवं. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्यासमोर डॉ. आंबेडकरांनी हे जिणं सोडा असं कळकळीनं सांगितलं होतं. वाहिलेल्या मुली कोणत्या जातींच्या होत्या आणि त्यांचा भोग घेणारे कोण होते, हे त्यांना लख्ख दिसत होतं. १९३४ च्या मुंबई कायद्यापासून २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यापर्यंतचा हा इतिहास 'देवी-उपासना' या प्रकरणातून वगळून शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. परडी टाकून दिलेली बाई हीसुद्धा देवीच्या इतिहासाची साक्षीदार आहे.

मागणं साधं आहे. चारपाच विभागांनी मिळून चालवायचा एक पेपर पदव्युत्तर पातळीवर ठेवा, ज्यात 'देवीमाहात्म्य', मूर्ती, ओवी आणि आजची बाई एकाच मुलाच्या हातात येईल. संस्कृतच्या मुलानं एकदा तरी परडीसमोर बसावं, आणि आमच्या मराठीच्या मुलीनं सप्तशती मुळातून वाचावी. मीही ती फार उशिरा वाचली आणि त्याची हळहळ मला अजून आहे. मौखिक साधनाला प्राथमिक साधनाचा दर्जा आहे हे प्रबंधलेखनाच्या नियमांत स्पष्ट शब्दांत घाला, म्हणजे परीक्षकाच्या मर्जीवर ते राहणार नाही. तिथेच एक ओळ आणखी : गाणाऱ्या, सांगणाऱ्या व्यक्तीची संमती आणि तिची इच्छा असल्यास तिचं पूर्ण नाव. 'निरक्षर' हा रकाना काढून टाका. पाचशे ओव्या तोंडपाठ असणाऱ्या बाईची नोंद तिला काय येत नाही यावरून करू नका. आणि 'विषय नाजूक आहे' या कारणानं नकार द्यायचा झाला तर तो लेखी द्यावा, कारणासह, म्हणजे नकार देणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागेल.

घाई यासाठी करते आहे की दुसऱ्या भेटीत आजींना तिसऱ्या माळेचं, म्हणजे नवरात्राच्या तिसऱ्या दिवसाचं, गाणं अर्ध्यातच आठवेनासं झालं. दोन कडवी आली, मग त्या थांबल्या, परडीच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्होरलं माज्या नंदंला येत हुतं." नणंद वारून सहा वर्षं झाली होती. तिला कुणी विचारायला गेलं नव्हतं. त्या गावाहून चाळीस किलोमीटरवर आमचं महाविद्यालय आहे.

माझ्याकडे अशा अठ्ठावीस बायकांचं ध्वनिमुद्रण आहे. त्यांच्या संमतीनं ते कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विनामूल्य द्यायला मी तयार आहे, आणि त्यांनीही तशी तयारी दाखवली आहे. अट त्यांनीच घातली आहे, ती मी फक्त पोचवते. प्रत्येक गाण्यापुढे नाव लागलं पाहिजे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे पत्र घ्यावं आणि निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका